जिभेनं कापलेली मुळं

सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मी एका झाडाची मुळं हाताला मातीचा कण लागू न देता कापली आहेत. खुर्चीवर बसून, धुतलेला शर्ट घालून, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान, ओळीनं तीन दिवस. झाड तिथून चार बसथांबे लांब आमच्या गॅलरीत उभं होतं, मी रुग्णालयात बोलत होतो, आणि माझ्या बोलण्यासरशी एकेक मूळ तुटून पडत होतं. ऐकणाऱ्या दोघी होत्या. एक माझी बायको, मांडीच्या हाडात स्क्रू घालून खाटेवर उताणी पडलेली. दुसरी शेजारच्या खाटेवरची निवृत्त शिक्षिका, जिचा गुडघा नवा होता आणि चौकशीची खोड जुनी. शिक्षिकेचा माझ्यावर पुरता विश्वास बसला होता. बायकोचं काय, ते मला सदतीस वर्षांत कधी कळलेलं नव्हतं.

मी केस कापायचो. केस कापणाऱ्याला थापा माराव्याच लागतात, त्यात हौसेचा भाग थोडा. गिऱ्हाइकाचं डोकं हललं की कात्री चुकते, आणि गोष्ट ऐकणाऱ्याचं डोकं हलत नाही. खरी गोष्ट सांगायला जा, माणूस मान वळवून म्हणतो, हो हो, आमच्या मेव्हण्याचंही अगदी असंच झालं. थाप ऐकताना तोच माणूस आरशात टक लावून दगडासारखा बसतो. एका माणसाचे केस इतक्या जोरात वाढायचे की डावी बाजू संपवून उजवीकडं वळावं तो डावी पुन्हा कानावर आलेली असायची, शेवटी दोघांनी दोन बाजूंनी एकदम कापून त्याला पळतच दुकानाबाहेर काढला, ही माझी. एक न्यायाधीश खुर्चीत झोपले आणि झोपेतच त्यांनी मला पुराव्याअभावी सोडून दिलं, हीही माझीच. संध्याकाळी घरी आलो की त्याच गोष्टी मी बायकोला सांगायचो, जरा आणखी कल्हई करून. ती भाजी चिरत असायची किंवा झाडापाशी बसलेली असायची, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणायची, "असं का." विचारल्यासारखं नाही, हसल्यासारखंही नाही. दुकानात कापड हातात घेऊन परत ठेवावं तसं. त्या दोन शब्दांखाली काय आहे ते मी सदतीस वर्षं चाचपडून पाहिलं. विश्वास, कंटाळा, माया, काहीच हाताला लागलं नाही. 'खोटं' हा शब्द मात्र तिनं माझ्यासमोर एकदाही उच्चारला नाही. त्यामुळं मी बोलत राहिलो.

ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायची. रस्त्याखालून कुठला नळ कुठं जातो, कुठं वळतो, कुठं दुसऱ्याला मिळतो, ते डांबर न उकरता कागदावर दाखवायचं. आम्ही दोघं फिरायला निघालो की मी दुकानांच्या पाट्या वाचायचो आणि ती पायांखाली बघायची. "इथं एक जुना आहे, बंद केलेला," असं मध्येच म्हणायची, आणि मला उगाच वाटायचं आपल्या चपलांखाली कुणीतरी झोपलं आहे. झाड तिनं नोकरीच्या सातव्या वर्षी आणलं. जपानी मेपल, तेव्हा पेन्सिलीएवढं. एकतीस वर्षांत ते माझ्या गुडघ्याइतकंही उंच झालं नाही, पण खोड मनगटाएवढं झालं आणि बुंध्याशी मुळं अशी पसरली की म्हाताऱ्या माणसानं टेबलावर पंजा रोवावा. बोन्साय म्हणजे झाडाला छोटं ठेवण्याचा हट्ट, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. ती म्हणायची, छोटं कुठं ठेवते, म्हातारं होऊ देते. दर तीन वर्षांनी, थंडी सरताना, कळ्या फुगून लाल झाल्या आणि पानं अजून मिटलेली आहेत अशा पाच-सहा दिवसांत ती झाड कुंडीतून काढायची, मुळं कापायची, नवी माती द्यायची. त्या दिवशी ती दार लोटून घ्यायची आणि मला आत यायची परवानगी नसायची. "तुम्ही बोलता," ती म्हणायची. "माझं लक्ष जातं." काम झालं की एका निळ्या वहीत मुळांचा नकाशा काढायची, कुठलं राखलं, कुठलं कापलं, तारखेसकट. दहा नकाशे होते त्या वहीत. मी ते कधी उघडून पाहिले नव्हते.

तर त्या सकाळी मी झाडाला पाणी घातलं आणि पाणी आत गेलं नाही. एवढंच झालं. बशीत सांडलेल्या चहासारखं ते मातीवर थांबलं, त्यात गॅलरीचा गज दिसला, गजावरचा माझा टॉवेल दिसला, आणि मग ते एका कडेनं निवांत बाहेर पडून फरशीवर आलं. मी पुन्हा घातलं. पुन्हा तेच. तिच्या ऑपरेशनला तेव्हा दोन दिवस झाले होते, मी रुग्णालयातून येऊन दोन तास झोपून उठलो होतो, आणि त्या थांबलेल्या पाण्याकडं बघत मी तांब्या खाली ठेवला. कारण हे मला आधी सांगितलेलं होतं. "पाणी वर थांबायला लागलंय," ती आठवड्यापूर्वी म्हणाली होती. "आत मुळांनी जागाच ठेवली नाही. यंदा नाही कापली तर उन्हाळा काढायचं नाही ते. नव्या मातीत घालायच्या खडीची पिशवी तेवढी खालून वर आणाल का?" मी म्हणालो, आणतो. आणि दुपारी म्हणालो, घड्याळजीला भेटून येतो, आल्यावर आणतो. घड्याळजी म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक, पण त्याच्याकडं गेलोच नाही. दोन चौक पलीकडच्या बाकावर बसून राहिलो, हात मांड्यांखाली दाबून. परत आलो तेव्हा जिन्यात दुसऱ्या मजल्यापासून खडी पसरली होती, बुटांखाली कुरकुर वाजत होती, आणि वरच्या वळणावर शेजारी गोळा झाले होते.

आता हातांचं सांगायला हवं. नको म्हणत होतो. दोन वर्षांपूर्वी घड्याळजीच्या कानाच्या पाळीला माझी कात्री लागली. त्याआधी काही महिने उजवा हात अधूनमधून आपल्या मनानं हलायचा; खिडकीवर माशी आपटत राहावी तसा, मनगटाच्या आत. मी कंगवा दाबून धरायचो, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टेकवायचो, त्यांना वाटायचं माणूस किती आपुलकीचा. घड्याळजीला त्या वेळी मी न्यायाधीशाचीच गोष्ट सांगत होतो आणि त्याचं डोकं तसूभरही हललेलं नव्हतं. रक्ताचा एक थेंब पांढऱ्या कापडावर पडला. त्यानं खिशातून रुमाल काढून कान धरला, आणि पुढच्या महिन्यात तीच वेळ साधून पुन्हा येऊन बसला, जणू त्याच्या हाताखालचं एखादं घड्याळ एकदा मागं पडलं होतं आणि आता त्याला पुन्हा पारखून बघायचं होतं. मी त्याला म्हणालो, दुकान बंद करतोय, जागेचा मालक जागा मागतोय. घरीही तेच सांगितलं. बायको म्हणाली, "असं का." त्यानंतर मी वर्तमानपत्र टेबलावर पसरून वाचायला लागलो, बटणं तिच्या पाठीमागं लावायला लागलो, उजवा हात खिशात ठेवून फिरायला लागलो. तिनंही त्याच सुमारास चहा कमी केला. मला अर्धाच कप द्यायची, म्हणायची या वयात एवढा चहा कशाला. मला ते बरंच पडलं. भरलेला कप मी कसा धरला असता. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं, कारण खडीची पिशवी मी का उचलली नाही ते त्या हातापर्यंत जात होतं, आणि तिथून जिन्यापर्यंत.

शुद्धीवर नीट आल्यावर तिनं पहिली चौकशी कळ्यांची केली. ओठ सुकलेले, नाकात नळी, आणि म्हणाली, "लाल झाल्या?" मी म्हणालो, झाल्यात. "मग तुम्हीच करा. वहीत सगळं आहे. पानं उघडली की मग हात लावायचा नाही, मग गेलंच ते." मी म्हणालो, हो. तिनं माझ्याकडं पाहिलं. "कराल ना?" मी म्हणालो, "अगं, एकोणचाळीस वर्षं कात्री चालवली आहे." ती म्हणाली, "तेच म्हटलं," आणि डोळे मिटले. सोमवारी मी सकाळभर झाडासमोर स्टूल टाकून बसलो. तिची हत्यारं वर्तमानपत्रावर मांडली: बाकदार तोंडाची जाड कात्री, बारीक कात्री, मुळं विंचरायचा तीन दातांचा आकडा, बांबूची काडी. वही उघडली. शेवटचा नकाशा तीन वर्षांपूर्वीचा, इतका नीट की बघताना मला तिच्या मागं उभं राहून तिच्या खांद्यावरून डोकावल्यासारखं वाटलं. खालच्या कोपऱ्यात तिच्या बारीक अक्षरात टिपा होत्या. जाड मुळं बुंध्याच्या अगदी खालून. बारीक राखणे, झाड त्यांनीच पाणी पितं. नवी माती मुळांत शिरेपर्यंत काडी हलवत राहणे, अर्धा तास, घाई नको, हात भरून येतो. मी कात्री उचलली. ती माझ्या हातात अशी वाजायला लागली की गजावरचा कावळा उडून गेला. आता हा कावळा मी घातलेला आहे, पण कात्री वाजली ते खरं. मी ती खाली ठेवली, अंघोळ केली, शर्ट घातला, आणि चार वाजता तिच्या खाटेशी बसून म्हणालो, "कापली."

एकदा कापली म्हटल्यावर कशी कापली ते आलंच. पहिल्या दिवशी मी झाडाला कुंडीशी बांधून ठेवणाऱ्या खालच्या तारा तोडल्या, जुनी सुरी कडेकडेनं फिरवली आणि झाड उचललं. खरं तर वहीतल्या टिपाच मी तोंडानं सोडवत होतो, पण जसजसा बोलायला लागलो तसतसं ते झाड माझ्या हातात येत गेलं. मुळांचा गड्डा कुंडीचाच आकार घेऊन बाहेर आला, म्हणालो, साबणाच्या वडीसारखा चौकोनी, आणि सगळीकडून मुळं गोल गोल फिरलेली, दिवसभर एकाच खोलीत येरझाऱ्या घालणाऱ्या माणसासारखी. हे शेवटचं कुठून आलं मला माहीत नाही. शिक्षिकेनं उशीवरून डोकं उचललं. "बिचारं," ती म्हणाली. बायकोनं विचारलं, "वास कसा होता?" वहीत वासाबद्दल काही नव्हतं. मग म्हणालो, "पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा." ती हळूच म्हणाली, "हो. तसाच येतो." त्या क्षणी मला इतका आनंद झाला की लाज वाटली. सहाची घंटा झाली. शिक्षिका म्हणाली, "अहो, पुढं काय झालं ते तरी सांगा, रात्रभर माझा गुडघा मला तेच विचारील." मी म्हणालो, उद्या. आणि बसमध्ये बसल्यावर हात खिशातून काढला तर तो शांत होता. अगदी शांत. थाप मारताना तो हलत नाही, हे मला दुकानात असतानाच ध्यानात यायला हवं होतं. पण घड्याळजीच्या वेळी तर मी थापच मारत होतो, म्हणजे हाही नियम नाही.

मंगळवारी सकाळी कळ्या आणखी फुगल्या होत्या. एक एक कळी गव्हाच्या दाण्याएवढी, आणि लाल अशी की आतून कुणी दिवा धरला आहे. मी पाणी घातलं, ते वर थांबलं, बाहेर आलं. त्या पाण्याकडं आता मला बघवेना. कुंडीच्या आत, त्या वितभर उंचीच्या अंधारात, मुळं एकमेकांना वेटाळत होती आणि पाणी त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं. आणि वर हे झाड काही झालंच नाही असं दाखवत कळ्या फुगवत बसलं होतं. त्याच्या मनगटाएवढ्या खोडावर मी हात ठेवला. हात हलला, झाड हललं, सगळ्या फांद्यांची टोकं हलली, वारा नसताना. मी हात काढून घेतला. माझी आई म्हातारपणी मला ओळखत नाहीशी झाली तेव्हा मी तिचे केस कापायचो, दर महिन्याला, आणि ती प्रत्येक वेळी आरशात बघून म्हणायची, या माणसाचा हात किती हलका आहे. माझ्या कामाबद्दल कुणी काढलेले सगळ्यांत चांगले शब्द ते, आणि काढले ते तिनं एका परक्या माणसाबद्दल. ही आठवण त्या वेळी का आली कोण जाणे. मी स्टूल उचलून आत ठेवलं. दुपारी रुग्णालयात मी आकड्यानं मुळं विंचरली. बुंध्यापासून बाहेर, बुंध्यापासून बाहेर, आजूबाजूची माती सुटत गेली, आणि खाली तीन जाड मुळं निघाली, करंगळीएवढी. ती मी बुंध्याच्या अगदी खालून तोडली. बायको म्हणाली, "तीन? मागच्या वेळी दोनच होती." मी म्हणालो, "एक नवीन झालंय." ती छताकडं बघून बोटानं चादरीवर रेघ ओढत होती, तिथं नसलेलं तिसरं मूळ आपल्या नकाशात बसवत होती. सदतीस वर्षं मी तिला थापा मारल्या, पण त्यातली कुठलीही तिनं कागदावर उतरवलेली नव्हती.

त्या संध्याकाळी परगावाहून लेकीचा फोन आला. "बाबा, आई म्हणते तुम्ही झाडाचं सगळं केलंत. मला तर खरंच वाटेना." "का?" "तुम्ही कधी एक कुंडी इकडची तिकडं केली नाहीत." मी म्हणालो, "शिकायला वय लागत नाही." ती हसली. मग म्हणाली, "आई रडली फोनवर. आनंदानं. म्हणाली, आता हे झाड कुणाच्या तरी हाताखाली राहील." मी विचारलं, रडली म्हणजे किती, आणि लेक म्हणाली, हा काय प्रश्न झाला. फोन ठेवल्यावर मी उजवा हात खिशात घातला. कुणाच्या तरी हाताखाली.

बुधवारी सकाळी मी ठरवलं की आज करायचंच. झाड टेबलावर घेतलं, कुंडीखालची तार पालथ्या हातानं चाचपली, कात्री तारेत घातली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. तेव्हा दोन्ही हात हलायला लागले, दोन शेजाऱ्यांनी मिळून एक जड कपाट उचलावं तसे, एकमेकांना सांभाळत आणि एकमेकांमुळंच अडखळत. कात्रीची मूठ खालच्या फांदीला लागली आणि एक कळी तुटून टेबलावर पडली. आवाज झाला नाही. मी ती कळी उचलली, शर्टाच्या खिशात ठेवली, झाड होतं तिथं ठेवून दिलं. एकतीस वर्षांत त्या झाडाची एक काडी तिनं न विचारता कुणी तोडली नव्हती. मी तिथंच फरशीवर बसलो, भिंतीला पाठ लावून, आणि दुपारची बस येईपर्यंत आज काय सांगायचं ते जुळवत राहिलो. आज बारीक मुळं कापायची होती. वहीत त्याबद्दल एकच ओळ होती: बारीक राखणे, टोकं तेवढी सारखी करणे. एका ओळीवर दोन तास निघणार नव्हते. आणि पहिल्या दोन दिवसांचं सगळं तिचंच होतं, मी नुसता वाचून दाखवत होतो, याची मला आता एक प्रकारे लाज वाटायला लागली होती. निदान एक तरी गोष्ट माझ्या पदरची असावी.

"मुळं पाण्यानं धुतली," मी चार वाजून पाच मिनिटांनी सांगायला लागलो. शिक्षिकेनं उशी पाठीशी घेतली होती आणि चष्मा लावला होता, जसं काही दिसणारच होतं. "कोमट पाणी. ओली झाल्यावर खाली लोंबत होती, अशी, एखाद्या बाईनं न्हाऊन केस सोडावेत तशी."

"अगंबाई," शिक्षिका म्हणाली.

"आता इथं माझी विद्या कामाला आली. ओले केस खोटं बोलतात, बाई. ओला केस ताणला जातो, लांब दिसतो. ओल्यावर मापानं कापला तर वाळल्यावर वर चढतो, आणि गिऱ्हाईक आरशात बघून शिव्या घालतं. म्हणून कसबी माणूस शेवटचा हात वाळल्यावरच मारतो. मी मुळंही वाळवली."

"वाळवली," बायको म्हणाली.

"तर. खिडकीशी उन्हात ठेवली आणि आपला लहान पंखा लावला. बघता बघता केसासारखी मोकळी झाली. मग कंगवा घेतला आणि सगळी टोकं एका रेषेत. न्यायाधीशांचेसुद्धा मी इतके सारखे कापले नसतील."

"किती वेळ?"

"कापायला?"

"वाळवायला."

"अर्धा तास. चहा होईपर्यंत."

शिक्षिका म्हणाली, "ज्याचं काम त्यानं करावं. आम्हाला हे सुचलं नसतं."

मी 'असं का'ची वाट बघत होतो. बायकोनं मान माझ्याकडं वळवली, त्या स्क्रूच्या पायाला धक्का लागू न देता, हळूहळू, आणि माझ्याकडं अशी बघत राहिली जशी ती रस्त्यात पायांखाली बघायची. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत होतं. मला वाटलं राग असेल. मग कळलं, भीती होती. आत्ताच येऊन गेलेली.

"तुम्ही मुळं कापलेली नाहीत," ती म्हणाली.

"अगं..."

"ती बारीक मुळं पाच मिनिटं वाऱ्यावर राहिली तरी मरतात. मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते आणि एकेक बाहेर काढते. अर्धा तास पंख्याखाली ठेवली असतीत, तर आज झाड नसतं, आणि तुम्ही इथं असे रंगवून सांगत बसला नसतात." ती दम घ्यायला थांबली. "आणि तुम्ही केलं असतं तर अगदी असंच केलं असतं. असंच. ते वहीत लिहायचं मला सुचलंच नाही."

शिक्षिकेनं चष्मा काढला. "म्हणजे ते तिसरं मूळसुद्धा?" ती म्हणाली.

"उघडल्या?" बायकोनं विचारलं. मी डाव्या हातानं खिशातली कळी काढून तिच्या तळव्यावर ठेवली. कुठून आली हे तिनं विचारलं नाही. नखानं तिचं टोक जरा उकललं, आत पान कसं घडी घालून बसलं आहे ते पाहिलं, उजेडाकडं धरून पुन्हा पाहिलं. "दोन दिवस आहेत," ती म्हणाली. "उद्या सकाळी नऊला. फोन समोर उभा करून ठेवा. मी बोलते, तुम्ही करा. मी सांगेन त्याखेरीज एक शब्द बोलायचा नाही."

"उद्या नेमकं मला..."

"घड्याळजीकडं जायचं नाही तुम्हाला. जाड मुळं तोडताना कात्री दोन्ही हातांनी धरा, खोड मांडीत पकडा. फडकं ओलं ठेवा. आणि काडी फिरवायला लागलात की मग बघायलाच नको. माझा हात अर्ध्या तासात भरून येतो, तुमचा आपोआप चालेल."

वॉर्डात कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मी उजवा हात खिशात आणखी खोल सारला. खरं सांगायचं तर त्या वेळी ते सांगता आलं असतं. ती वाट करून देऊन थांबली होती. पण जीभ सवयीनं पुढं गेली.

"माझ्या हाताला काय झालंय?" मी म्हणालो. "बाहेर गार आहे, जरा गारठलाय, एवढंच."

"खोटं," माझी बायको म्हणाली. "दोन वर्षं मी तुमचा कप अर्धा भरते, तो काय उगाच?"